घर बांधण्यापूर्वी

आपल्या जुन्या माणसांनी गावच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. पिकते ती काळी आणि जिच्यावर गाव वसते ती पांढरी. काळ्या मातीत कपाशी-ज्वारी चांगली येते. पण हीच माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर घर उभे केले तर भिंतींना भेगा जातात. म्हणून शेत काळीत आणि घर पांढरीवर. हा निवाडा करणाऱ्यांनी स्थापत्यशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नव्हते. त्यांनी माती पाहिली होती, पाऊस पाहिला होता आणि पडलेली घरेही पाहिली होती.

वाचकहो, आज ही गोष्ट काढायचे कारण असे, की आपल्या खेड्यांतून सध्या जागोजागी घरकुले उभी राहत आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला. त्यात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे अदमासे २७० चौरस फूट ठरले, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. योजना सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागातल्या घराला १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले होते. असे साहाय्य एका कुटुंबाला पुन्हा पुन्हा मिळत नाही. एकदा भिंती उभ्या राहिल्या की पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच भिंतींत म्हातारे-कोतारे, लेकरे-बाळे, बाळंतपणे, आजारपणे, सारे काही व्हायचे असते. तेव्हा २७० फुटांत काय बसवायचे, कशाने बांधायचे आणि दार कोणीकडे ठेवायचे, हे प्रश्न किरकोळ नाहीत.

जागा थोडी, पैसा थोडा, पण राहणे सुखाचे, हे कसे साधावे? यावर आपल्या देशात बराच विचार आणि बरेच प्रयोग झाले आहेत. त्यांतली तीन ठिकाणे आज पाहू या. पहिले आपल्या वर्ध्याजवळचे, दुसरे दूर केरळातले आणि तिसरे लातूर जिल्ह्यातले. पहिल्या दोन ठिकाणी आपल्याला युक्ती सापडेल. तिसऱ्या ठिकाणी धडा आहे, आणि तो फार महाग पडलेला आहे.

पहिले ठिकाण सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. याच गावाला पुढे १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. तिथली बापू कुटी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधून घेतली होती. गांधीजी तिथे नंतर राहायला गेले. मातीच्या भिंती, लाकूड-बांबूचा सांगाडा, वर कौले. भिंतीवर मीराबेननी मातीतच उठावाची चित्रे काढली आहेत: ताडाची झाडे, मोर, चरखा. सजावटीसाठी बाजारातून काही आणलेले नाही. भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचे.

आदर्श खेडे कसे असावे, हे गांधीजींनी १९३७ च्या जानेवारीत 'हरिजन' पत्रात लिहिले होते. घरांत पुरेसा उजेड आणि वारा हवा, घराला आवार हवे, त्यात घरापुरता भाजीपाला लावता यावा आणि गुरे बांधता यावीत, आणि बांधकामाचे साहित्य गावाच्या पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, असे त्यांचे म्हणणे होते. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, बैलगाडीच्या एका खेपेचे अंतर. ही अट नुसती काटकसरीची नव्हे. साहित्य गावाजवळचे असले म्हणजे ते हाताळणारा गवंडी, सुतार, कुंभारही जवळचाच असतो. पैसा गावात फिरतो, आणि पुढे कौल फुटले, भिंत खचली, तर दुरुस्तीसाठी तालुक्याला धावावे लागत नाही.

या कुटीत ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच १९७८ साली आले होते. तिथे बसून त्यांनी घराच्या जागा मोजल्या. जोडे काढून मन शांत करण्याची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची बसण्याची व कामाची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, उघडी ओसरी आणि ऐसपैस न्हाणीघर, अशा सात जागा त्यांना दिसल्या. एवढ्याशा झोपडीत सात! त्यांनी पाहिले ते आपणही पाहण्यासारखे आहे. जागा फुटांनी मोजली तर कुटी लहानच भरते. तिथे माणसाचे काय काय चालते ते मोजले तर तिच्यात कमी काही नाही. आणि आपल्या बंगल्यांतही सहसा न सापडणारी आजाऱ्याची वेगळी खोली या साध्या घरात आहे.

थोडक्यात, साधेपणा म्हणजे नुसती वजाबाकी नव्हे. काय ठेवायचे हे आधी ठरले, की काय नको हे आपोआप कळते. आपल्या जुन्या घरांत हा विचार मुरलेला होता. जेवायचे आणि निजायचे खालीच, म्हणून टेबल-पलंगांनी जागा अडत नसे. भिंतीतच कोनाडा, वर फळी, बाजूला खुंटी, म्हणून कपाट लागत नसे. दिवसा जिथे धान्य निवडायचे तिथेच रात्री अंथरूण पडे. एकच खोली दिवसातून चार वेळा निराळे काम करी.

आता मातीच्या भिंतीचे काम कसे चालते ते पाहू. जाड मातीच्या भिंतीवर दुपारी ऊन पडले, तरी ती उष्णता आतल्या अंगाला पोचायला बरेच तास लागतात. तोवर सूर्य कललेला असतो आणि बाहेरची हवा निवायला लागलेली असते. कौलांच्या फटींतून आतली तापलेली हवा वर निघून जाते. पुढे आलेली वळचण भिंतीवर ऊनही पडू देत नाही आणि पाऊसही. पत्र्याचे तसे नाही. पत्रा तापला की त्याच घटकेला घर तापते. काँक्रीटची स्लॅब तर दिवसभर ऊन पोटात साठवते आणि रात्री, नेमके आपण पाठ टेकतो तेव्हा, ते खाली सोडते. वैशाखात नव्या घराला कुलूप लावून अंगणात बाज टाकणारी कुटुंबे तुम्ही पाहिलीच असतील.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, हे सगळं खरं, पण मातीच्या घरात राहून पाहा! पावसाळ्यात गळतं, भिंतीत वाळवी लागते, उंदीर-घुशी पोखरतात, आणि दर आठ दिवसांनी सारवायचं कोणी?" हा सवाल अगदी रास्त आहे. सारवणाचे काम बाईमाणसाच्याच वाट्याला येते, आणि ती दिवसभर शेतात राबून आलेली असते. पक्के घर हवे, ही तिची मागणी चैनीची म्हणता येणार नाही. म्हणून मातीकडे परत चला, एवढेच सांगून भागत नाही. पक्केपणा ठेवून जुन्या घराचा गारवा आणि मोकळेपणा कसा आणता येईल, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी केरळात जाऊ या.

लॉरी बेकर हे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे स्थापत्यकार. त्यांचा जन्म १९१७ चा. महायुद्धाच्या काळात मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि पाच मैलांची ती गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनच्या इमारती पाहण्यासाठी भारतात आले. डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह झाल्यावर दोघांनी हिमालयात पिथोरागडला सोळा वर्षे काढली. शिकून आलेली विद्या तिथे अपुरी पडली. दगड, माती, शेण, लाकूड यांची घरे डोंगरातली माणसे का आणि कशी बांधतात, हे बेकर त्यांच्याकडूनच शिकले. पुढे ते केरळात गेले आणि तिरुअनंतपुरम येथे स्थायिक झाले. २००७ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचे बांधणे चालूच होते.

बेकरांची रीत अशी. आधी जागेवर जायचे. उतार कुठे, वारा कुठला, झाड कुठे, हे पाहायचे. झाड तोडायचे नाही. त्याला वळसा घालून भिंत न्यायची. मग घरच्यांना विचारायचे, माणसे किती, स्वयंपाक कसा, कोण कुठे निजते. आराखडा पाठकोऱ्या कागदावर काढला तरी त्यांना चाले. आणि गरज नसताना एक वीटही लावायची नाही.

त्यांच्या दोन युक्त्या आपल्या गवंड्यांनी समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली, पोकळ भिंत. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत विटा आडव्या, म्हणजे पसरट बाजूवर बसवतात. बेकर त्या कडेवर उभ्या करीत. दोन विटा समोरासमोर आणि तिसरी त्यांना आडवी, अशी रचना केली की मध्ये पोकळी राहते. उंदराच्या सापळ्यासारखी ही पेटी दिसते, म्हणून इंग्रजीत तिचे नावही उंदराच्या सापळ्यावरून पडले. भिंतीची जाडी तेवढीच राहते, विटा मात्र सुमारे चौथाईने वाचतात, चुना-सिमेंटही कमी लागते, आणि पोकळीतली हवा बाहेरचे ऊन आत येऊ देत नाही. विटा नीट भाजलेल्या आणि सारख्या मापाच्या असल्या, तर गिलाव्याचीही गरज राहत नाही.

दुसरी युक्ती स्लॅबची. छपराची स्लॅब वजनाने वाकू पाहते, तेव्हा तिच्या वरच्या अंगावर दाब येतो आणि खालच्या अंगावर ताण. दाब काँक्रीट सोसते आणि ताण सळई सोसते. म्हणजे खालच्या भागात दोन सळयांच्या मधले काँक्रीट बहुतांशी नुसते ओझे असते. बेकर त्या जागी जुनी मंगलोरी कौले घालीत. सिमेंट वाचते, छप्पर हलके होते आणि कौलांखालची हवा उष्णता अडवते. पण एक बजावून सांगायला हवे. सळई किती आणि कुठे, हे जाणकाराकडून ठरवून घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नये. छपराशी अंदाजाने खेळणे बरे नव्हे.

भिंतीत वीट सोडून वीट लावून केलेली जाळी, हेही बेकरांचे आवडते काम. तिने खिडकीच्या चौकटीचा आणि गजांचा खर्च वाचतो, वारा खेळतो आणि आतले बाहेरून दिसत नाही. ही जाळी केरळच्या जुन्या घरांतल्या लाकडी जाळीवरूनच आलेली आहे. १९८५ साली केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने 'कॉस्टफोर्ड' ही संस्था निघाली. बेकर तिच्याशी निगडित होते, आणि तिने त्यांच्या पद्धतीची घरे गरिबांपर्यंत नेली.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, की आपले पूर्वज करीत ते सगळे बरोबर आणि जवळचे साहित्य म्हणजे उत्तम साहित्य. तसे समजू नका. आता किल्लारीकडे वळू.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. काही नोंदी त्याहून मोठा आकडा देतात. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ होतात. मग एवढी माणसे का गेली? कारण माणसांना घरांनी मारले. आणि ती घरे पाच मैलांच्या आतल्या दगडमातीचीच होती.

तिथली भिंत दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड. पण ती एकसंध नसे. बाहेरून एक दगडी पडदी, आतून दुसरी, आणि मध्ये चिपा व माती यांची भर. दोन्ही पडद्यांना बांधून धरणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घातलेला नसे. वर माळवद, म्हणजे लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचा थर. गळती लागली की आणखी माती टाकायची, आणि अशी वर्षानुवर्षे माती चढून छताचे ओझे वाढत गेलेले. हादरा बसताच भिंतीच्या दोन्ही पडद्या एकमेकींपासून सुटल्या, आणि दगड निजलेल्यांच्या अंगावर आले. जिथे छताचा भार चांगल्या लाकडी खांबांनी पेलला होता, तिथे पुष्कळदा भिंत पडली तरी खांब आणि छत उभे राहिले. आणि कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्यांतली माणसे बहुधा वाचली.

म्हणजे लाकडी सांगाडा हे जुने ज्ञान तिथे होते, ते कामीही आले. दगडी भिंत बांधण्याची विद्या मात्र वाटेत कुठे तरी हरवली होती. आपण करतो ती वहिवाट, एवढ्यानेच ती शहाणपणाची ठरत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे मजबूत व्हावीत हा हेतू चांगलाच होता, आणि अनेकांच्या मदतीने ती उभीही राहिली. परंतु पुष्कळ नवी गावे शहरातल्या वसाहतीसारखी आखली गेली: सरळ रुंद रस्ते, एका ओळीत सुटी सुटी घरे. जुने गाव दाटीने, गल्ल्या-बोळांनी, वाड्यांनी बनलेले. वाड्याच्या भिंतीआड बायकांना मोकळेपणाने वावरता येई. गुरे, कडबा, अवजारे, धान्य यांना जागा असे. भावकी शेजारी असे. नव्या घरात कडबा कुठे ठेवायचा आणि म्हैस कुठे बांधायची, याचे उत्तर नव्हते. मग लोकांनी स्वतःच्या हातांनी आवाराला भिंती घातल्या, पत्रे ठोकून गोठे काढले, पुढे आडोसे केले. रोहित जिग्यासू यांनी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाला २००२ साली सादर केलेल्या प्रबंधात याच भागाचा अभ्यास केला आहे. आपत्तीत तग धरण्यासाठी स्थानिक लोकांचे ज्ञान आणि कुवत यांचा उपयोग कसा होतो, असा त्यांचा विषय होता.

ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तिथे दुरुस्तीचेही काम झाले. त्यात गवंड्यांना शिकवले गेले ते फार सोपे होते. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा त्या जागी काँक्रीटचा तुकडा घालायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. कोपरे बांधून घ्यायचे. भिंतींच्या माथ्यावरून घराभोवती एक अखंड पट्टा फिरवायचा, म्हणजे चारी भिंती एकमेकींना धरून राहतात. दगड तोच, माती तीच. भर पडली ती समजुतीची. पण मनात बसलेली भीती काही लवकर जात नाही, आणि दगड म्हटला की लोक दचकू लागले.

किल्लारीने असे दोन धडे दिले. शास्त्र सोडून नुसती परंपरा धरली, तर घर पडू शकते. लोकांचे जगणे सोडून नुसते शास्त्र धरले, तर घर उभे राहते, पण त्यात संसार मावत नाही. म्हणून जमीन पाहणे, साहित्य तपासणे आणि माणसाला विचारणे ही तिन्ही कामे एकत्र व्हायला हवीत.

अशी कामे होत आहेत. वर्ध्याजवळ दत्तपूरला देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तिथे कुंभाराच्या चाकावर घडवलेली निमुळती कौले एकात एक खोवून, लाकूड व लोखंड न लावता कमानीचे छत करण्याची पद्धत तयार झाली. मातीत सुमारे ५ टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या, न भाजलेल्या विटांवर ऑरोव्हिलला बरेच काम झाले आहे. त्यांना सरपण लागत नाही. मात्र या विटांना आपली काळी माती चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि २०१६ साली केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने निरनिराळ्या राज्यांच्या हवामानाला आणि चालीरीतींना धरून घरकुलांचे नमुने असलेला एक संग्रह काढला. त्याचे नाव 'पहल'. प्रकृती, हुनर आणि लोकविद्या या तीन शब्दांवरून ते केलेले आहे. घरकुल मंजूर झालेल्याने तो नमुना पाहायला मागावा. एकच एक पेटीसारखे घर बांधले पाहिजे, असे कोठे लिहिलेले नाही.

तेव्हा तुमच्या घरी बांधकाम निघाले, तर पाया खणण्याच्या आधी एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांनी बसावे. जी दिवसातला जास्त वेळ घरात असते, तिला पहिल्याने विचारावे: चूल किंवा गॅस कुठे, धूर-वाफ कुठून जाणार, पाणी कुठून येणार? म्हातारीला रात्री उठून जायचे तर वाट कशी? मूल अभ्यासाला बसले तर उजेड कुठून? पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचे ऊन पडते. तिकडे पडवी काढता येईल की कडुनिंब लावता येईल? काळी जमीन असेल तर पाया मुरमापर्यंत नेलाच पाहिजे. तिथे काटकसर करू नये. समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर वारा आरपार जातो, आणि याला जादा पैसा लागत नाही. स्लॅब आधीच घातली असेल, तर उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि रात्री फरक कळतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी या विषयात मुलांकडून करून घेण्यासारखे फार आहे. एक उष्णतामापक घ्या. गावातले एक पत्र्याचे, एक कौलारू आणि एक स्लॅबचे घर निवडा. एप्रिलमधल्या एका दिवशी दुपारी दोनला आणि रात्री नऊला आतली उष्णता मुलांना मोजून फळ्यावर लिहू द्या. कोणते घर केव्हा तापते आणि केव्हा निवते, हे पुस्तकापेक्षा त्या आकड्यांतून चांगले समजेल. दुसरे काम शब्दांचे. ओटी, पडवी, माजघर, सोपा, ढेलज, खण, कोनाडा, वळचण, परसू हे शब्द मुलांनी आजी-आजोबांना विचारावेत, आणि प्रत्येक जागेत काय काय चाले ते लिहून आणावे. तिसरे काम गावच्या जुन्या गवंड्याला किंवा सुताराला वर्गात बोलावण्याचे. कोणते लाकूड कशाला, आरपार दगड कुठे, चुना कसा मळायचा, हे त्याला सांगता येईल. त्याचे हात थकण्याआधी ते वहीत उतरले पाहिजे.

कोकणातला चिरा, सह्याद्रीतली कारवी, विदर्भातले बांबू-कौल आणि मराठवाड्याचे माळवद ही त्या त्या जागेने दिलेली उत्तरे आहेत. त्यांतली काही आजही बरोबर आहेत, काही सुधारून घ्यावी लागतील, आणि काही सोडून द्यावी लागतील. कोणते काय, हे पारखूनच ठरवावे लागेल. घर २७० फुटांचे असले, तरी त्याचा विचार तेवढाच लहान असू नये. तुमच्या गावात येत्या वर्षात जे पहिले घर बांधले जाईल, तिथपासून ही पारख सुरू करायला काय हरकत आहे?